कोयत्यात न धरलेली लेकरं

ऊसतोडीच्या धंद्यात मजुरांची मोजदाद माणशी होत नाही, कोयत्याने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. 'यंदा बारा कोयते आणतो,' असं मुकादम सांगतो तेव्हा समोरच्याला चोवीस माणसं कळतात. त्यांच्या मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेरडं आणि पंधरा-वीस मुलं येतात. ही मुलं करारात नसतात, कारखान्याच्या शेतकी विभागाच्या यादीत नसतात आणि मुकादमाच्या वहीतही नसतात. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव असतं, पण तिथे ती स्वतः नसतात.

या प्रकरणात मला हीच गाठ तपासायची आहे. व्यवसाय आणि बालहक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो फटाक्यांच्या नाहीतर गालिचाच्या कारखान्यात राबणारा मुलगा. तिथे कामावर ठेवणारा कोण, हे सांगता येतं. महाराष्ट्राच्या साखर धंद्यात मुलाला कुणीच कामावर ठेवत नाही. तरीही दर हंगामात मुलं उसाच्या फडात असतात. ती तिथे का पोहोचतात याचं उत्तर आई-बापाच्या अडाणीपणात शोधायची आपल्याला सवय आहे. माझ्या मते ते करारात आहे.

उचल

बीड जिल्ह्यातले आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज हे बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले तालुके; शेजारी अहिल्यानगरचे पाथर्डी-शेवगाव; शिवाय जालना, परभणी, धाराशिव. कोरडवाहू जमीन, एक पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली गावं रिकामी होतात आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे जातात, काही कर्नाटकात. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं की. एकूण मजुरांचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. ऑक्सफॅम इंडियाने २०२० च्या अहवालात सोबत जाणाऱ्या चौदा वर्षांखालच्या मुलांचा अंदाज सुमारे दोन लाख दिला होता. ज्या धंद्यात कारखान्याच्या काट्यावर ऊस किलोपर्यंत मोजला जातो, तिथे माणसांच्या आकड्यात एवढी तफावत असावी, हे पुरेसं बोलकं आहे.

हंगाम सुरू होतो तो पावसाळ्यातच, उचलीने. खरिपाची पेरणी, दवाखाना, पोरीचं लग्न, जुनी देणी, कशासाठी तरी पैसे लागतात आणि मुकादम ते देतो. एका कोयत्याला लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त. हा पैसा कारखान्याकडून किंवा वाहतूक ठेकेदाराकडून मुकादमाकडे आलेला असतो. ही उचल ऊस तोडून फेडायची.

आता हिशेब बघा. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरवली. त्यानंतर डोकी सेंटरचा, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरून देणाऱ्या टोळीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. धडधाकट जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. म्हणजे दोघांचे मिळून ७३० रुपये, बारा-चौदा तासांचे. एक लाखाची उचल फिटायला एकही खाडा न करता १३७ दिवस तोडणी करावी लागते. अधूनमधून मिळणारी खर्ची, म्हणजे किराण्याचे पैसे, त्यातूनच वळते होतात. आजारपण, अवकाळी पाऊस, गाडी न येणं, हे सगळं मजुराच्या अंगावर. हंगाम लवकर आटोपला तर बाकी राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

उचलीचा पैसा बाजूला ठेवला की कामाची रीत उरते, आणि मुलं फडात कशी येतात ते त्या रीतीतच दिसतं. मजुरी टनावर आहे. जोडीने काम करायचं म्हणजे आईला कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, थांबता येत नाही. बाप बुडखा तोडतो, आई पाचट सोलते, मोळ्या बांधते, वाहते. मग तान्हं कुठे ठेवायचं? फडाच्या बांधाला झोळीत, आणि त्याला बघायला सात वर्षांची बहीण. दहा वर्षांचा पोरगा पाणी आणतो, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतो. वाढ्यांच्या पेंड्या विकून आलेले चार पैसे घरखर्चाला, म्हणून त्याचं काम लगेच पैशात दिसतं. तेरा वर्षांचा झाला की तो मोळ्या वाहू लागतो आणि रोजचे दोन टन सव्वादोन होतात. कुणी त्याला कामाला लावलेलं नाही. टनाचा दर मात्र मुलाच्या हाताला बक्षीस देतो, आणि वरून उचल पाठीशी उभी असते.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे; बालकलाकार सोडले तर फक्त शाळा सुटल्यावर किंवा सुटीत कुटुंबाच्या स्वतःच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा आहे. दुसऱ्याच्या शेतातला ऊस मुकादमाच्या उचलीवर तोडणं हा कुटुंबाचा व्यवसाय होत नाही. आणि शाळा सुटल्यावर म्हणायचं तर शाळा दोनशे-तीनशे किलोमीटर मागे राहिलेली. फडात विचारलं की मात्र उत्तर ठरलेलं असतं: आई-बापाला हातभार लावतोय.

मुलीचं काय होतं

मुलीची गोष्ट वेगळी सांगावी लागते. तिला सोबत नेलं तर शाळा बुडते, आणि कोपीला दार नसतं, आडोसा नसतो. आई-बाप पहाटे चारला फडात गेले की ती एकटी. गावात आजीजवळ ठेवलं तरी वयात आलेल्या पोरीची धास्ती. मग हंगामाच्या आधी लग्न उरकलं जातं. यात दुसरा, उघड न बोलला जाणारा हिशेबही आहे: अविवाहित मुलगा म्हणजे अर्धा कोयता, लग्न झालं की पूर्ण. पूर्ण कोयत्याला उचल पूर्ण. कारखान्याच्या गेटवरच उरकलेल्या अशा लग्नांना बीडकडे 'गेटकेन' म्हणतात. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं. बीडमध्ये ते सुमारे ४४ टक्के. याला एकटी ऊसतोड जबाबदार नाही. पण मजुरी जोडीला मिळते, माणसाला नाही, ही रीत त्या आकड्याला खतपाणी घालते हे नाकारता येणार नाही.

पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर मोळी. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या वेळी चर्चा झाली ती खाजगी दवाखान्यांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण आईच्या आजारपणाचा पुढचा भार थोरल्या मुलीवर पडतो. तिची शाळा तिथे संपते.

मजूर कुणाचा?

इथे येऊन सगळं अडतं. शेतकरी म्हणतो, टोळी कारखान्याने पाठवली. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी पैसे दिले, त्यांनी अंगठा दिला. पैशाची वाट मात्र सरळ आहे: तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना करतो आणि शेतकऱ्याच्या उसाच्या दरातून तो कापून घेतो. कुठल्या फडात कोणत्या दिवशी टोळी उतरवायची ते कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो, चिटबॉय, म्हणजे फडावरचा कारखान्याचा माणूस, त्याच्या मागे फिरतो. रात्री दोनला गाडी भरायची की नाही हेही कारखान्याच्या भुकेवरून ठरतं, कारण एकदा बॉयलर पेटला की गव्हाण, म्हणजे गाळपाला ऊस टाकायची जागा, रिकामी ठेवता येत नाही. कामाची जागा, वेळ, सगळं कारखान्याच्या हातात. मालक मात्र कारखाना नाही.

आंतरराज्य स्थलांतरितांसाठीचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्याला लागू होता. बीडहून कोल्हापूरला जाणारा माणूस त्यात बसत नव्हता. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना आता दरवर्षी सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो, त्यात बालकामगारांबद्दलच्या तक्रारींचा रकाना असतो. पण तो रकाना मुख्यतः कंपनीच्या स्वतःच्या कामगारांभोवती फिरतो. सहकारी कारखान्यांना तर तोही नाही.

आणि या धंद्याला मुलांचं कळत नाही असं कुणी म्हणू नये. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, त्याच्या सावलीत लोणीला शाळा, महाविद्यालयं, दवाखाना उभे राहिले. वारणानगरने मुलांचा वाद्यवृंद काढला आणि तो देशभर गाजला. सहकारी साखरेने सभासदांच्या दोन पिढ्या शिकवल्या, इंजिनिअर केल्या, डॉक्टर केल्या. खेड्यातल्या मुलांसाठी एखाद्या उद्योगाने इतकं केल्याचं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात सापडणं कठीण. ते सगळं सभासदांच्या मुलांसाठी होतं. कारखान्याच्या भिंतीबाहेर पालात राहणाऱ्यांची मुलं सभासद नव्हती, कामगारही नव्हती.

साखरशाळा

शिक्षण हक्क कायद्याच्या आधी औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या आवारात, टोळ्यांच्या तळांजवळ साखरशाळा चालवायला घेतल्या. पत्र्याची किंवा पाचटाची शेड, एक शिक्षक, वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकत्र. वेळा टोळीच्या वेळेला धरून. काही कारखान्यांनी जागा दिली, वीज दिली, शेड बांधून दिली. या शाळांचं मोठेपण हे की त्यांनी पहिल्यांदा मुलं मोजली. कोणत्या तळावर किती, कोणत्या वयाची, कोणत्या गावची, हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं.

शिक्षण हक्क कायदा आला आणि अनौपचारिक शाळांना जागा उरली नाही. मुलाला जवळच्या जिल्हा परिषद शाळेत, वयानुसार इयत्तेत बसवायचं ठरलं. तत्त्व म्हणून हे बरोबरच होतं. प्रत्यक्षात तळापासून शाळा दोन-तीन किलोमीटर, टोळी पंधरा दिवसांनी दुसरीकडे, आणि वर्गातली मुलं 'तोडकऱ्याचं पोरगं' म्हणून बाजूला बसवणार. शिक्षण हमी कार्ड निघालं, म्हणजे एका शाळेतून दुसरीकडे जाताना सोबत न्यायचा कागद. मूल जर शाळेत पोहोचतच नसेल तर कार्डाचा उपयोग मर्यादित.

मग भर गेला तो मूल गावातच थांबवण्यावर. हंगामी वसतिगृहं: मूल आजी-आजोबांकडे किंवा शेजाऱ्यांकडे राहील, शाळा व्यवस्थापन समिती दोन वेळचं जेवण देईल. पुढे २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवान बाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली, मुलांचं एक आणि मुलींचं एक. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळही आता आहे, आणि त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचं ठरलं. राज्याचं गाळप साधारण दहा कोटी टनांच्या आसपास असतं, म्हणजे कारखान्यांचा वाटा शंभर कोटींच्या घरात. रक्कम लहान नाही. ती वेळेवर जमा होते का आणि दिवाळीआधी वसतिगृहाचं स्वयंपाकघर सुरू होतं का, यावर सगळं अवलंबून. टोळी गेल्यावर महिन्याने जेवण सुरू झालं तर मूल तोवर ट्रॉलीत बसून निघालेलं असतं.

वसतिगृह हवंच. पण ते सहा वर्षांखालच्या मुलाच्या काही कामाचं नाही. ते आईसोबतच जाणार. त्याची अंगणवाडी गावात, लसीची तारीख गावात, आणि ते स्वतः उसाच्या सरीत, जिथे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात बिबट्या पिल्लं घालतो आणि अंधारात ट्रॅक्टर मागे घेतले जातात.

युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचं ग्लोबल कॉम्पॅक्ट आणि सेव्ह द चिल्ड्रन यांनी २०१२ मध्ये व्यवसायांसाठी बालहक्कांची दहा तत्त्वं मांडली. दुसरं तत्त्व बालमजुरी संपवण्याचं. दहावं, समाज आणि सरकार मुलांसाठी जे करतात त्याला बळ देण्याचं. साखरशाळेला शेड देणं, महामंडळाला पैसे देणं, हे सारं दहाव्यात बसतं. तिसरं तत्त्व मात्र तरुण कामगार, आई-वडील आणि मुलं सांभाळणाऱ्यांना सन्मानाचं काम देण्याबद्दल आहे. म्हणजे मुलाचा हक्क पालकाच्या करारातून जातो, हे तिथे स्पष्ट मान्य केलेलं आहे. आपला साखर धंदा दहाव्याकडून सुरुवात करतो आणि तिसऱ्यापर्यंत येतच नाही.

बाटलीपर्यंतची साखळी

२४ मार्च २०२४ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने फुलर प्रोजेक्टसोबत केलेला तपास छापला आणि महाराष्ट्राचा फड कोका-कोलाच्या अटलांटातल्या कार्यालयापर्यंत पोहोचला. उचल, बालविवाह, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं छापून आलेलं होतं. नवीन होतं ते गिऱ्हाईकाचं नाव: इथल्या कारखान्यांची साखर कोका-कोला आणि पेप्सिको घेतात. त्याच बातमीप्रमाणे कोका-कोलाच्या सल्लागारांनी २०१९ मध्येच इथल्या फडांत मुलं ऊस तोडताना पाहिली होती, दहा वर्षांच्या एका मुलीची मुलाखतही त्यांच्या अहवालात होती. म्हणजे कंपनीकडे माहिती होती.

दोन्ही कंपन्यांकडे बालमजुरीविरुद्धचं छापील धोरण आहे, पुरवठादारांसाठी आचारसंहिता आहे. ऊस नियम पाळून पिकवला-तोडला याची हमी देणारी बोनसुक्रोसारखी प्रमाणपत्रं आहेत. पण तपासनीस आधी कळवून कारखान्यात येतो, कार्यालयात बसतो, हजेरीपट बघतो. हजेरीपटावर तोडकरी नसतोच. फडात गेला तरी तो दिवसा जातो आणि मुलांना तास-दोन तास बाजूला बसवणं कुणालाही जमतं. त्याने विचारायचा प्रश्न दुसराच आहे: उचल किती, कुणाच्या नावावर, आणि मजुरी बाईच्या हातात वेगळी मिळते का?

कारखान्याची बाजू

ती आहे, आणि ती हलकी नाही. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि २०२५ पर्यंत तिथेच राहिली. याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलला २७५ वरून ३५५ वर गेली. कर्ज काढून उचल वाटणारे वाहतूकदार शेतकरी मुकादम पळून गेल्यामुळे बुडाले, पोलीस ठाण्यांत तक्रारींचे ढीग आहेत. उचल बंद करा म्हणणं सोपं, पण ज्या कारखान्याने उचल दिली नाही त्याच्याकडे टोळी जाणार नाही, शेजारचा पळवेल. एकट्या कारखान्याने सुधारायचं म्हटलं तर त्याचीच गव्हाण रिकामी राहते. म्हणून हे एका कारखान्याने सोडवायचं काम नाही, हे मला मान्य आहे.

हार्वेस्टर हा उपाय म्हणून पुढे केला जातो. सरकारी अनुदानही आहे. यंत्राने मुलं फडाबाहेर येतील हे खरं, आणि त्यांचे आई-बापही. पाटोद्यात त्यांच्यासाठी दुसरं काम काय, याचं उत्तर हार्वेस्टर विकणाऱ्याने द्यावं अशी अपेक्षा नाही, पण कुणीतरी द्यायला हवं.

काही गोष्टींना मात्र इतकं थांबावं लागत नाही. ढोबळ हिशेब करू. आठ लाख टन गाळणाऱ्या कारखान्याने टनाला पाच रुपये बाजूला काढले तर ४० लाख होतात. टोळीतल्याच दोन बायकांना प्रत्येकी महिना दहा हजार देऊन पाच महिने पाळणाघर चालवायचं, त्याला एक लाख. खाऊ, पाणी, पत्र्याची शेड, दिवा यांना आणखी एक धरू. म्हणजे वीस तळांवर पाळणाघरं. साखरेच्या किलोमागे हा खर्च पाच पैशांच्या आसपास येतो. बाटली विकणाऱ्याने खरेदीच्या दरात तो उचलला तर कारखान्याला झळसुद्धा लागणार नाही. तान्हं पाळणाघरात गेलं की सात वर्षांची बहीण मोकळी होते. पूर्ण साखळीत इतक्या स्वस्तात सुटणारी दुसरी गाठ मला दिसत नाही.

जानेवारी २०२४ चा करार तीन वर्षांसाठी होता, २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा. नवा करार ठरवायला साखर संघ, मजुरांच्या संघटना आणि लवाद पुन्हा बसतील. कोयता बंदचे इशारेही दिले जातील. गेल्या वेळी टेबलावर दोन आकडे होते, मजुरीचा दर आणि मुकादमाचं कमिशन. या वेळी आणखी चार ओळी घालता येतील. करार जोडीशी न करता प्रत्येक माणसाशी, आणि मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात. उचलीला कमाल मर्यादा, सगळ्या कारखान्यांना एकच, म्हणजे पळवापळवी थांबेल. रात्री दहा ते पहाटे पाच गाडी भरणं बंद. आणि मुकादमाच्या यादीत कोयत्यांच्या शेजारी आणखी एक रकाना: सोबत आलेली मुलं, त्यांचं वय, गावची शाळा. ही यादी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात कारखान्याने गटशिक्षणाधिकाऱ्याला आणि अंगणवाडी पर्यवेक्षिकेला द्यायची. या शेवटच्या ओळीला एक रुपयाही लागत नाही.